आषाढातली सुपारी

बँडवाल्याच्या घरातला आषाढ म्हंजे नवरदेवाबिगर निघालेली वरात. माणसं सगळी असत्यात, काम कुणालाच नसतं. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या बादशहा बँडवाल्याच्या घरी बी तीच गत. ट्रंपेट, क्लॅरोनेट, झांजा जुन्या लुगड्यांत गुंडाळून माळ्यावर गेलेल्या, लाल कोट आन् सोनेरी पट्टीच्या टोप्या ट्रंकंत, आन् वाजवणारी माणसं पोटामागं पांगलेली, कोण शिरोलीत भट्टीवर तर कोण इचलकरंजीत मागावर. गणपती येस्तवर त्या घरात वाजायची ती एकच चीज, बादशहाच्या बायकूची, चाँदबीची जीभ. तिला शिजन न्हवता, ती बारमाही.

सना ह्या घरची थोरली सून. तिचा नवरा सोहेल क्लॅरोनेट वाजवायचा, आन् असा वाजवायचा की नवरीकडच्या म्हाताऱ्या हातातला घास तसाच धरून मांडवाच्या दाराशी येऊन हुब्या ऱ्हायच्या. बोलायला मात्र दगड. लग्नाला दोन वर्षं झाली तरी बायकूला नावानं हाक मारलेली कुणी ऐकली न्हवती. पाणी पायजे असलं की खोकायचा, चहा पायजे असला की दोनदा खोकायचा. चाँदबी म्हणायची, ह्या पोराचा सगळा आवाज त्या नळीतनंच जातोय, घरासाठी काय उरत न्हाय. सनाला ते खोकणं बी गोड लागायचं. लगीन अजून नवंच, दुसरं काय.

बँडच्या सुपाऱ्या सांभाळायचं काम सनाकडं हुतं. बादशहा तोंडी सुपाऱ्या घ्यायचा त्या ती आपल्या लॅपटॉपवर चढवायची. धाकटा दीर झिशान पुण्यात कंपनीत. त्येनं फोनवर भरायचा एक फॉर्म करून दिलता, गिऱ्हाईकानं आपणच नाव, गाव, तारीख टाकायची आन् ती झिशानच्या शीटमदी जाऊन पडायची. मग आठवड्याला एकदा सना दोन्ही शीटा शेजारी शेजारी मांडून तारखा ताडून बघायची. बघायलाच लागतंय. एका दिवशी दोन लग्नं घेतली तर बँडवाल्याची बी वरात निघती, पर गाढवावरनं.

तर ह्या तारखा ताडताना एक खोडी व्हायची. दोन तारखा दिसायला जुळ्या बहिणी, त्याच आकड्याच्या, त्याच तिरक्या रेघांच्या, आन् सारख्या हायत का म्हणून इचारलं की कम्प्युटर म्हणायचा फॉल्स. म्हंजे आमची वळखच न्हाय. त्यात झिशानकडनं आलेल्या काही तारखा शीटमदल्या आपल्या चौकोनी घराच्या डाव्या भिंतीला चिकटून बसायच्या, काही उजव्या. सनाचा हात लई टापटिपीचा, भाकरीची चळत बी तिला कडंला कड मिळवून लागायची. तिनं एक दिवस सगळ्याच तारखा धरून उजवीकडं सारल्या. एका रांगंत झाल्या. मागनं चाँदबीनं डोकावून बघितलं आन् म्हणली, आता कसं, पंगत बसल्यागत दिसतंय. त्या दोघींस्नी काय म्हाईत, की डावीउजवीकडं बसून तो कम्प्युटर कायतरी सांगत हुता.

त्याच रांगंत मलकापूरची सुपारी आली. बारा जुलै. गावाच्या अलीकडं रस्त्याला लागून एक लॉन, तिथं हंबीरराव म्हणून कुणाच्या पोरीचं लगीन.

बादशहानं तारीख ऐकली आन् तंबाखू मळता मळता थांबला. आषाढात? हिंदूचं लगीन? त्येला आख्ख्या जन्मात आषाढात हळद लागलेली दिसली न्हवती. त्येनं नंबरावर फोन केला. पलीकडनं भांड्यांचा खडखडाट ऐकू आला आन् एक माणूस म्हणला, "या की, वाट बघतोय सगळी." आता सांगा, वाट बघणाऱ्याला पंचांग कोण दाखवणार? बिनशिजनाचं काम चालून आलं म्हणून बादशहा खूश झाला आन् भट्टीवरनं, मागावरनं माणसं गोळा केली.

टेंपू निघायच्या दिवशी सनाला दुसरा महिना लागलेला हुता. अजून कुणालाच बोलली न्हवती. आज हे आले की सांगायचं, असं तिनं मनात धरलंतं. सोहेल पावसात टेंपूत चढला, लाल कोटावर प्लास्टिक पांघरलं, तिच्याकडं बघून एकदा खोकला आन् गेला.

म्होरचं सगळं सनाला नंतर कळलं, ते बी तुकड्यातुकड्यानं, झांज वाजवणाऱ्या पिराजीकडनं.

मलकापूर पडतं शाहूवाडीत, आन् शाहूवाडीचा पाऊस म्हंजे वरनं कुणी घागरी पालथ्या करतंय असा. पर लॉनच्या फाटकातनं आत गेली आन् बघत्यात तर मांडवात माणूस न् माणूस कोरडा. कुणाच्या पायाला चिखूल न्हाय. बाप्यांच्या गळ्यात मफलर, म्हाताऱ्यांच्या डोसक्यावर कानटोपी, पोरं काखंत हात घालून कुडकुडतायत आन् बोलली की तोंडातनं वाफ निघतीया. पिराजीला घाम आलता कोटात. पर वाजवणाऱ्याला नवरीचा बाप आन् जेवणाची पंगत सोडून तिसरीकडं बघायची सवय नसती. वाजवलं, मग जेवली. पानात हरभऱ्याची कवळी भाजी हुती. पिराजी म्हणला, मी दोनदा घेतली आन् हात धुताना ध्यानात आलं की आषाढात हरभरा कुठला. सोहेलला सांगायला वळलो तर त्यो म्हणला, जरा पाठ टेकतो, आन् आचाऱ्याच्या मागं एक खोली हुती तिच्यात गेला.

निघताना केबिनमधल्यांस्नी वाटलं सोहेल मागं बसलाय, मागच्यांस्नी वाटलं केबिनात. कोल्हापुरात येऊन उतरली तवा कळलं. टेंपू तसाच माघारी फिरवला. लॉनच्या फाटकाला गंजलेलं कुलूप. आत गुडघाभर गवत. राखणदार म्हाताऱ्यानं पोत्याची खोळ सावरली आन् म्हणला, वैशाखापास्नं हितं चूल न्हाय पेटली बाबांनो, कुठं पिऊन आलाय?

पोलिसात दिलं, दर्ग्यात चादर झाली, वर्तमानपत्रात फोटू आला. शेजारच्या बायांनी आपापली गोष्ट रचली, त्यात एक मलकापूरची बाई आली, मग त्या बाईला दोन पोरं बी झाली. चाँदबीची जीभ पयल्यांदाच बंद पडली. आठ दिसांनी सुटली ती सनावर सुटली. "ती तारीख तूच लिवलीस. माझ्या पोराला तूच धाडलंस." खरंच हुतं. दुसऱ्या दिवशी तिनं सासूला पोटातलं सांगितलं. चाँदबीनं उठून तिच्यापुढं दुधाचा पेला ठेवला आन् तोंड फिरवून रडत बसली.

सना रोज दुपारी सोहेलचा फोन लावायची. पोलिस म्हणायचे बंद हाय, पर तिचा लागायचा. रिंग जायची, जायची, कुणी उचलायचं न्हाय. गणपती झाले, दसरा आला, तरी तेच. पोट दिसाया लागलं. आन् एका दुपारी फोन उचलला गेला.

कुणी बोललं न्हाय. तिकडं बँड वाजत हुता. मागं माणसांचा गलबला, भांडी, कुणीतरी शिंकलं. आन् सगळ्याच्या वर क्लॅरोनेट, सोहेलचं, त्येचा तो एक सूर खालनं उचलून धरायचा ढंग, तो दुसऱ्या कुणाला जमतच न्हाय. सनानं फोन सासऱ्याच्या कानाला लावला. बादशहानं डोळं मिटून ऐकलं. चेहरा एकदा उजळला आन् मग हळूहळू इझला.

"क्लॅरोनेट सोहेलचं हाय," म्हणला. फोन दुसऱ्या कानाला नेला. "आन् ट्रंपेट माझा हाय."

फोन आपणच बंद झाला. बादशहा माळ्याकडं बघत बसला. ट्रंपेट तिथं लुगड्यात बांधलेला हुता.

दिवाळी झाली आन् हंबीररावाचा फोन आला. मोठ्या आवाजाचा, हसरा गडी. "काय पावणं, ध्यानात हाय न्हवं? सात डिसेंबर. सात बारा, शेतकऱ्याला इसरायची न्हाय असली तारीख बघून धरलीया."

बादशहानं कसंबसं सांगितलं की आमी येऊन गेलोय, आषाढात वाजवून गेलोय, तुमीच या म्हणलासा. हंबीरराव पोट धरून हसला. म्हणला, पावणं, गणपतीत जरा जास्त झालेली उतरली न्हाय वाटतं. आमच्या राजनंदिनीचं लगीन पयल्यापास्नं डिसेंबरातच धरलंय, आन् आपला तर ह्यो पयलाच फोन.

सनानं लॅपटॉप उघडला. झिशानच्या शीटमदी ती ओळ अजून हुती. हंबीररावानं भरलं हुतं सात, रेघ, बारा. आपल्यात आधी दिवस मग महिना. झिशानच्या कंपनीतली शीट आधी महिना मग दिवस वाचायची. सातवा महिना, बारा तारीख. झाला आषाढ. बाराच्या म्होरचा आकडा असला तर त्या शीटला कळायचं न्हाय, तेरावा चौदावा महिना कुठनं आणणार? म्हणून त्या तारखा ती नुसती अक्षरं म्हणून डावीकडं टाकायची, आन् ज्या उलटून घेता आल्या त्या उजवीकडं. सनानं एका रांगंत सारल्या त्या ह्या. तिनं सारलेलं काढून टाकलं तशा अर्ध्या तारखा डाव्या भिंतीला गेल्या. मलकापूरची उजवीकडंच ऱ्हायली.

तिनं झिशानला फोन करून सांगितलं. त्यो बिचारा आधी भावासाठी रडला, मग कम्प्युटरवाल्यागत बोलायला लागला. "भाभी, सोप्पं हाय. एक सेटिंग बदललं की समदा कॉलम सरळ होतोय. जुलै जाऊन डिसेंबर येईल. आत्ता करतो." सना त्येला थांब म्हणायच्या आत त्येनं फोन ठेवला.

तिच्या डोळ्यासमोर ती तारीख बदलली. बारा जुलै हुतं तिथं सात डिसेंबर आलं. सगळी रांग अगदी बिनचूक. तिनं दोन्ही शीटा ताडून बघितल्या, कम्प्युटर पयल्यांदाच सगळीकडं ट्रू म्हणला.

सनानं उगंच सोहेलचा नंबर लावला. रिंग गेली न्हाय. फोनातली बाई म्हणली, हा नंबर अस्तित्वात न्हाय. तिनं परत लावला, परत लावला. चाँदबी शेजारी बसून मेथी निवडत हुती. सुनेची धडपड बघून म्हणली, "कुणाला लावतीस एवढा?"

"ह्यास्नी."

"कुणास्नी?"

सनानं वर बघितलं. सासूच्या चेहऱ्यावर राग न्हवता, टोमणा न्हवता. सकाळी ह्याच बाईनं लेकाच्या नावानं छाती पिटली हुती. आता ती मेथीची काडी बोटात धरून, शेजारणीच्या पावण्याबद्दल इचारावं तसं इचारत हुती. सनानं क्षणाचाबी येळ न लावता झिशाननं केलेलं सगळं उलटं फिरवलं. सात डिसेंबर गेलं, बारा जुलै परत आलं. शेजारी मेथी जमिनीवर पडली आन् चाँदबी पदरात तोंड घालून हमसून रडाया लागली, माझा सोहेल, माझं लेकरू, कुठं असंल. फोन कानाला हुता, त्यात रिंग जात हुती.

झिशानला तिनं एवढंच सांगितलं की त्या ओळीला परत हात लावलास तर ह्या घरात पाय ठेवू नगंस. बाळंतपणाच्या आधी बायांचं डोस्कं असंच होतंय, असं त्येला वाटलं असंल. पर हात लावला न्हाय. सना मात्र रोज उठून आधी ती ओळ बघायची. जुलै पुसला तर सोहेल कुठं गेलाच न्हवता, आईलाबी ठावा न्हवता, आन् जो गेलाच न्हवता त्यो माघारी कुठनं येणार? आन् जुलै तसाच ठेवला तर डिसेंबरात त्याच मांडवात, त्याच पंगतीला, आचाऱ्याच्या मागच्या त्या खोलीचं दार उघडंल. एवढाच तिचा हिशेब. शाळा शिकलेल्या माणसाला पटायचा न्हाय, पर तिला दुसरा हुता कुठला?

सात डिसेंबराला टेंपू निघाला तवा सना केबिनात जाऊन बसली. भरल्या पोटाची बाई एवढ्या लांब, ते बी असल्या जागी, म्हणून चाँदबीनं घर डोक्यावर घेतलं. पर बादशहा म्हणला, येऊ दे तिला. त्येचा आवाज ऐकून चाँदबीनं शाल आणून सुनंच्या अंगावर टाकली.

लॉनच्या फाटकाला तोरण हुतं. एक माणूस म्होरं आला आन् म्हणला, "या की, वाट बघतोय सगळी." मागं भांडी खडखडली. बादशहाचा पाय फाटकातच अडला. तोच आवाज, तीच मफलर, तीच काखंत हात घातलेली पोरं, आन् तोंडातनं वाफा. ह्या टायमाला थंडी खरीच हुती, तरी पिराजीला घाम फुटला. नवरी राजनंदिनी आली, त्याच हिरव्या शालूत. कुणी त्यास्नी वळखलं न्हाय. बँडवाल्याला कोण वळखतंय म्हणा.

वाजवलं. मन लागंना कुणाचं. जुलैत शेजारी एक पोर पडलं हुतं, ते आता पडणार म्हणून पिराजीनं आधीच हात म्होरं केला आन् ते पोर त्याच जागी पडलं. पंगत बसली तवा बँडवाल्यांतलं कुणी जेवायला उठलं न्हाय. सना आचाऱ्याच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली हुती, शाल गळ्यापर्यंत घेऊन. मागं एक खोली हुती. दार लोटलेलं. तिची उठायची हिंमत होईना. उघडून बघितलं आन् आत नुसती पोती असली तर?

वरातीची येळ झाली. बादशहानं उभ्या उभ्या ट्रंपेट तोंडाला लावला. दार आतनं उघडलं आन् सोहेल भाईर आला. लाल कोट, केसांतनं बोटं फिरवतोय, क्लॅरोनेट काखंत. चिडला हुता थोडा.

"उठवायचं न्हाय व्हय मला?" बापाला म्हणला, आन् आपल्या जागंवर जाऊन हुबा ऱ्हायला.

बादशहाचा एक सूर निसटला. पर वरात हुभी हुती, घोडं पाय आपटत हुतं, आन् वरातीत बँड थांबवायचा नसतो. त्येनं दुसरा सूर उचलला. मग सोहेलचं क्लॅरोनेट आलं, खालनं वर, आन् मांडवातल्या म्हाताऱ्या हातातला घास धरून दाराशी आल्या. माणसं वाजवत हुती आन् रडत हुती, आन् हंबीरराव म्हणत हुता, बघा, आमच्या पोरीसाठी बँडवालीबी रडाया लागली.

माघारी जाताना सोहेलला केबिनात घातलं, बाप एका अंगाला, बायकू एका अंगाला. सनानं त्येच्या कोटाची बाही धरली ती कोल्हापूर येस्तवर सोडली न्हाय. घरी चाँदबीनं मीठमिरच्यांनी दृष्ट काढली, मग त्येला दोन रट्टे दिले, मग पोटाशी धरलं. सगळी इचारत ऱ्हायली, कुठं हुतास, काय झालं. त्यो जेवलो, पडलो, डोळा लागला, एवढंच सांगायचा. जुलैचा डिसेंबर झालाय म्हणून दाखवला तर कॅलेंडरकडं बघून नुसतं हं म्हणला. माणूस मुळातच कमी बोलणारा. घरच्यांनी ठरवलं, आला हे काय थोडं झालं, आता खोदायचं न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात पायरीवर बसून त्यो चहा पीत हुता. सना शेजारी बसली. जीव निवला हुता तिचा. बघता बघता तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. कालपास्नं त्यो तिच्या एवढ्या पोटाकडं बघून एकदाबी चकित झाला न्हवता. जुलैत तर त्येला काय म्हाईतच न्हवतं. ती सांगणार हुती त्या संध्याकाळी त्यो आलाच न्हवता.

"अवो," ती म्हणली, "माझं असं हाय ते तुमास्नी कुणी सांगितलं?"

सोहेल लाजल्यागत हसला. कपबशी खाली ठेवली आन् उजव्या हाताचं बोट तिच्याम्होरं धरलं, क्लॅरोनेटच्या भोकावर फिरणारं. बोटाच्या पेरावर दोन बारीक खाचा हुत्या, शेजारी शेजारी, तांदळाच्या कणीएवढ्या, कडंनं अजून लाल.

"लई चावतंय गं पोर," त्यो म्हणला. "खालचं दोन दात आल्यात. वरचं यायचं हायत."

सनानं पोटावर हात ठेवला, आन् आतनं काय हलतंय का म्हणून वाट बघत बसली.